आत आधी कोण राहतं

पालिच्का दारात उभा होता. डाव्या हातात केकचा खोका, उजव्या हातात काढलेले बूट आणि नजर चपलांच्या मांडणीवर. आलेल्या माणसाला घरात घालायला सपाता द्यायच्या, एवढी रीत ओस्त्राव्हा शहरात दारुड्याच्या घरीसुद्धा पाळतात. पण त्या मांडणीत पुरुषी सपातांचा एकच जोड होता, करड्या चौकडीचा, आणि गेल्या वीस वर्षांत व्लास्ताने तो कोणाच्या पायात जाऊ दिला नव्हता. पालिच्काच्या पायात तर ती मेली तरी जाऊ देणार नव्हती.

"आत ये म्हणणार नाहीस का, व्लास्ता?"

"या," ती म्हणाली. "आणि आपण अहोजाहो करतो, पालिच्का. अठ्ठावीस वर्षं झाली त्याला."

तो मोज्यांवरच आत आला. स्वयंपाकघराची फरशी नोव्हेंबरात बर्फासारखी असते. डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, ते पाहून तिला जरा बरं वाटलं. बायको गेल्यापासून याच्याकडे बघायला कोणी नाही, हे तिला वसंतातच कळलं होतं. यार्मिलाच्या अंत्यविधीला ती गेली नव्हती.

कॉफी तिने केली. शत्रूलाही कॉफी नाकारत नाहीत. साखर मात्र कपाटातच राहू दिली.

"मत्स्यप्रेमी मंडळाला सत्तर वर्षं होतायत," पालिच्का पेल्यावर फुंकर मारत म्हणाला. "सांस्कृतिक भवनाच्या दिवाणखान्यात मोठी टाकी मांडतोय. नाताळाआधीच्या शनिवारी उद्घाटन. प्रागहून मासिकवाले येणार, नगराध्यक्षीण बाई येणार."

"मग?"

"मासे निवडायचेत. एकमेकांशी पटतील असे. सगळे गुण्यागोविंदाने राहतील असे." तो हसला. "मी अध्यक्ष झालो खरा, पण मंडळात आता आठ जण उरलेत. त्यातले पाच बिअरसाठी येतात. हे काम शहरात तुझ्याइतकं... तुमच्याइतकं कोणाला येत नाही, हे मला मान्य करायला लाज नाही."

ते मात्र खरं होतं. मुख्य रस्त्यावरच्या माशांच्या दुकानात व्लास्ता एकतीस वर्षं गल्ल्यामागे उभी राहिली होती. ते दुकान गेलं, आता तिथे मोबाईल विकतात. पण अजूनही भाजीच्या रांगेत एखादा टक्कल पडलेला गृहस्थ तिला ओळख देतो आणि म्हणतो, बाई, तुम्ही मला लहानपणी भांडकुदळ चिकलीड मासा द्यायला नकार दिला होता. गिऱ्हाईक मागेल ते ती कधीच द्यायची नाही. आधी तीन प्रश्न. पाणी कसलं आहे? टाकी किती लिटरची? आत आधी कोण राहतं? या तिसऱ्या प्रश्नावर निम्मी गिऱ्हाइकं हसायची, कारण बाई विचारायची अशी, जणू भाडेकरू ठेवतेय. पण तिने दिलेला मासा दुसऱ्या माशाच्या पोटात गेला, असं एकतीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं. दुकानाचा व्यवस्थापक चिडायचा, विक्री पडते म्हणायचा. ती म्हणायची, मग तुम्हीच या गल्ल्यावर आणि रडणाऱ्या पोरांना तोंड द्या.

आता हा माणूस तिच्या टेबलाशी बसून गुण्यागोविंदाच्या गोष्टी करत होता.

अठ्ठ्याऐंशी साली व्लास्ताचा नवरा ओताकार खाणीत वीजतंत्री होता आणि घरी, याच दोन खोल्यांत, त्याच्या अकरा टाक्या होत्या. अकरा टाक्या, अकरा पिढ्या, नऊ वर्षं. त्यातून त्याने एक स्कालार काढला होता. स्कालार म्हणजे तो उभट, त्रिकोणी, लांब पर सोडून हिंडणारा मासा. साध्या स्कालारच्या अंगावर काळे पट्टे असतात. ओताच्या माशावर एकही नव्हता. सगळं अंग धुराच्या रंगाचं आणि गालावर नखाएवढा तांब्याचा ठिपका. तसा मासा ना जर्मनांकडे होता ना कोणाकडे.

राष्ट्रीय प्रदर्शनाच्या आठवड्यात ओताची खाणीत दुपारपाळी होती. मंडळाचा चिटणीस पालिच्का घरी आला, अगदी याच खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "तू काळजी करू नकोस, ओता, मी नेतो." सहा मासे घेऊन गेला. महिन्याभराने मासिकात रंगीत फोटो आला: धुरकट स्कालार, पैदास ए. पालिच्का. ओता सभेत उभा राहिला. त्याला बोलता कधीच धड यायचं नाही. त्या दिवशी तर दोन वाक्यांत अडखळला. मंडळाने ठराव केला की मासे मंडळाचे आहेत, आणि कॉम्रेड ओताकार ह्रुबेश वैयक्तिक कीर्तीसाठी सामूहिक कामाला बाधा आणतात. सभासदांच्या यादीतून ओताचं नाव काढून टाकलं. तोंड वर करून नाव काढलं ते पालिच्कानेच.

पुढच्याच जानेवारीत हिमवादळात अख्ख्या वसाहतीची वीज तीन दिवस गेली. व्लास्ता आणि ओताने गॅसवर पाणी तापवून बाटल्या भरल्या, टाक्यांना गाद्या गुंडाळल्या, तरी अकराच्या अकरा टाक्या थंड झाल्या. मग ओता अभिमान गिळून पालिच्काच्या दारी गेला. फक्त एक जोडी दे, म्हणाला. पालिच्का म्हणाला, "नाहीत रे. माझ्याकडचे सगळे मेले."

त्यानंतर ओताने टाकी लावली नाही. सात वर्षं तो संध्याकाळी रिकाम्या भिंतीकडे तोंड करून बसायचा आणि मग तोही गेला. डॉक्टरांनी फुप्फुसं लिहिलं. व्लास्ताचं निदान वेगळं होतं. तिने डूख धरला होता, आणि डूख धरलेल्या बाईला घाई नसते.

ती उठली, चष्मा लावला, किराणाची वही पुढे ओढली.

"पाणी कसलं?" तिने विचारलं.

"नळाचं. मऊ आहे भवनात."

"किती लिटर?"

"सहाशे."

तिने लिहायला सुरुवात केली. तिसरा प्रश्न तिने विचारलाच नाही. तिला तो सुचलासुद्धा नाही, इतकी ती आतून उकळत होती. नवी टाकी, तिचीच यादी, आत कोण असणार दुसरं?

मोतिया गुरामी, सहा. दोऱ्यांसारखे लांब पर असलेला, शांत, हळू मासा, प्रदर्शनात फार शोभतो. तळाशी राहणारे मिशाळ कोरी मासे, दहा. आणि रंगाला लाल टेट्रा. इथे तिचा हात क्षणभर थांबला. लाल टेट्रा दोन जातींचे असतात, बाजारात शेजारी शेजारी विकतात. एक गरीब गाय. दुसऱ्याच्या कल्ल्यामागचा काळा डाग स्वल्पविरामासारखा असतो, आणि तो लांब परांचा मासा दिसला की कुरतडतो. मारत नाही. कुरतडतो. रोज थोडं थोडं. मोठा घोळका असला तर आपसात भांडून त्यांची हौस भागते. पाचच ठेवले तर ती भागत नाही.

तिने त्या दुसऱ्याचं नाव लिहिलं आणि पुढे आकडा टाकला: पाच.

"पाचच?" पालिच्काने विचारलं.

"गर्दी कशाला? आणि एक दिवसाआड खायला घाला. पाणी स्वच्छ राहतं."

"तेही लिहा."

तिने तेही लिहिलं. मग म्हणाली, "रविवारच्या बाजारात एकाच माणसाकडून सगळं घेऊ नका. अख्खी यादी कोणाला दाखवली की भाव चढवतात."

पालिच्काने कागद घडी करून खिशात ठेवला. दारात बूट घालताना म्हणाला, "तुमच्या मनात राग नाही, हे पाहून बरं वाटलं."

"राग कसला," व्लास्ता म्हणाली. "संपल्या त्या गोष्टी."

दार लागलं तशी तिने केकचा खोका उघडला. क्रीमचे चार होते. चारही तिने एकामागून एक उभ्याउभ्या खाल्ले. पोट बिघडलं, पण मन प्रसन्न होतं.

पुढचे तीन आठवडे ती दिवस मोजत होती. पहिल्या आठवड्यात लाल मासे नव्या घरात बुजतील. दुसऱ्यात त्यांच्यात थोरला कोण ते ठरेल. तिसऱ्यात भूक आणि सवय दोन्ही लागतील, आणि उद्घाटनाच्या दिवशी प्रागचे मासिकवाले कॅमेरा लावतील तेव्हा गुरामींच्या परांच्या चिंध्या झालेल्या असतील. ज्याने अख्खा जन्म माशांवर भाषणं केली, त्याला साधा लाल टेट्रा ओळखता येत नाही, हे छापून येईल. गुरामींचं तिला वाईट वाटे. रात्री अंथरुणात जास्तच. तेव्हा ती स्वतःला समजावी की एकतीस वर्षांत एवढे वाचवले, त्यात सहा गेले तर देव डोळेझाक करील. मग कूस बदलून झोपे. झोप मात्र धड लागत नसे.

नाताळाआधीच्या त्या आठवड्यात, गुरुवारी, शेजारचा अदामुस नेहमीप्रमाणे जिवंत कार्प मासा घेऊन आला. त्याच्या घरात नुसता फवारा, न्हाणीचा टब नाही. म्हणून दर वर्षी त्याचा नाताळचा कार्प व्लास्ताच्या टबमध्ये मुक्कामाला असतो, आणि नाताळच्या जेवणाच्या दिवशी, यंदा मंगळवारी, त्याचं डोकं उडवून तो घेऊन जातो.

"यंदा जरा जाडा आहे," अदामुस टबमध्ये पिशवी उपडी करत म्हणाला. "नाव ठेवू नका हं याचं. गेल्या वर्षी तुम्ही ठेवलंत आणि माझ्या घशाखाली उतरेना."

"मी अंघोळ कुठे करू?"

"दर वर्षी कुठे करता?"

"करत नाही."

"मग झालं तर."

शनिवारी व्लास्ताने निळा लोकरी कोट चढवला, जो ती फक्त मतदानाला आणि दफनाला घालते. ओठांना रंग लावला. उद्घाटन दहाला होतं, ती नऊलाच पोचली. गर्दीआधी एकदा डोळे भरून पाहून घ्यावं, एवढाच हेतू. दाराशी लोकांचे कोट ठेवून घेणारी बाई तिच्या जुन्या दुकानाची गिऱ्हाईक निघाली. तिने आत सोडलं आणि म्हणाली, "बघा तरी काय झालंय त्या बिचाऱ्यांना. अध्यक्षसाहेब म्हणतात, त्यांची जातच तशी. मला नाही पटत."

दिवाणखान्यात टाकी उजळलेली होती. झाडं दाट, मांडणी सुरेख, काच लख्ख. डाव्या कोपऱ्यात गुरामी एकमेकांना चिकटून दडले होते, आणि त्यांचे पर जवळजवळ धड होते. व्लास्ताला आधी नवल वाटलं, मग राग आला. मग तिने टाकीच्या मध्यावर पाहिलं.

मध्यावर चार स्कालार होते. मोठे, तळहाताएवढे. शेपट्यांच्या काड्या झालेल्या, पोटाखालच्या दोऱ्या तुटलेल्या, वरच्या परांना दाताळ्यासारख्या भेगा. एक लाल मासा खालून तीरासारखा आला, थोरल्या स्कालारच्या शेपटीचा लचका तोडून झाडांत पसार झाला. स्कालार जागचा हलला नाही. नुसता वळला आणि त्याचा गाल काचेच्या बाजूला आला.

त्या धुरकट गालावर तांब्याचा ठिपका होता.

व्लास्ता कोणाची तरी खुर्ची ओढून बसली. तिने चारही मासे नीट पाहिले, एक एक करून, जसे दुकानात पाहायची. पट्टा नाही. ठिपका आहे. पट्टा नाही. ठिपका आहे. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, तसं तिने ओताचं शेवटचं उरलंसुरलं आपल्या हाताने, आपल्या अक्षरात लिहून कुरतडायला दिलं होतं. तिसरा प्रश्न विचारला असता तर. जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना विचारला, आणि स्वतःच्या वेळी तेवढा राहिला. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

टाकीखाली पितळी पाटी होती: धुरकट स्कालार, पैदास ए. पालिच्का.

"तुम्ही एवढ्या लवकर?" मागून पालिच्काचा आवाज आला. काळा सूट, गळ्यात बो, केस पाणी लावून बसवलेले. तिची नजर कुठे आहे ते पाहून तो थांबला.

"मेले होते ना सगळे?" व्लास्ता म्हणाली.

त्याने बो सरळ केला.

"ओता तुझ्या दारात उभा होता. उणे सोळा होतं बाहेर. तू म्हणालास, सगळे मेले." अठ्ठावीस वर्षांनी ती त्याला अरेतुरे करत होती, आणि त्यात मैत्री नव्हती.

"यार्मिलाने सांभाळले," पालिच्का म्हणाला. त्याने इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मला कुठे येतंय काही. अंडी घालायला लावणं, पिल्लं वेगळी करणं, सगळं तिचं. तिला पोरं नव्हती. मी द्यायचे म्हटलं तर रडायची. मग ओता गेला. मग कोणाला द्यायचे होते?"

"मला."

पालिच्काने खिशातून रुमाल काढला आणि हात पुसले. हात कोरडेच होते.

"सहा होते," तो म्हणाला. "परवा दोन गेले. तिच्यामागे मला हे जमतच नाही, व्लास्ता. तुमच्या यादीबरहुकूम केलं सगळं, दिवसाआड खाणं, सगळं. म्हटलं, तुमच्या यादीत हे चालतीलच. सगळ्यांशी पटणारे मासे, असंच तर मागितलं होतं मी."

"यादी खोटी होती," ती म्हणाली. "ते लाल मासे पर कुरतडतात. मी मुद्दाम लिहिले. पाच लिहिले, आणि उपाशी ठेवायला सांगितले, तेही मुद्दाम. तुझी सगळ्यांसमोर नाचक्की व्हावी म्हणून."

त्याचा चेहरा हळूहळू तांबडा झाला.

"हे तुम्ही केलंत? ओताच्या माशांना?"

"आतमध्ये ते आहेत, हे मला कोणी सांगितलं होतं?" तिचा आवाज फाटला. मग तिने तो आवरला. "माझं काय ते मी बघीन. आता तू एक कर. ती पाटी काढ. तिथे ओताकार ह्रुबेश लिही. शाई असली तरी चालेल, पुठ्ठा असला तरी चालेल. मग मी अस्तन्या वर करून तुझी टाकी दहाच्या आत नीट करून देते आणि प्रागवाल्यांसमोर हसून उभी राहते."

पालिच्काने घड्याळ पाहिलं. दारापलीकडे खुर्च्या मांडल्याचा आवाज येत होता.

"आज नाही," तो म्हणाला. "आज कसं शक्य आहे? भाषण छापून झालंय. नगराध्यक्षीण बाई येतायत. पुढच्या महिन्यात सभा घेऊ, ठराव आणू, रीतसर."

ठराव हा शब्द ऐकला आणि व्लास्ताचं उरलंसुरलं मऊपण गेलं. ती उठली आणि कोटवाल्या बाईकडे गेली. "तुमच्या उपाहारगृहात सूपाची झाकणाची बादली असेल ना? साबण न लागलेली?"

बादली आली, जाळी टाकीमागेच टांगलेली होती. तिने टाकीतलंच पाणी बादलीत भरलं, अस्तनी दुमडली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. स्कालार पकडायला अवघड नसतो. तो पळत नाही, फक्त कडेला होतो. थोरला, मग दुसरा, तिसरा, चौथा. भीतीने प्रत्येकाच्या डोळ्यावरून एक काळी रेघ उमटली. ओता म्हणायचा, पट्टे सगळे गेले, ही एवढी लाजेची रेघ राहिली.

"ही चोरी आहे," पालिच्का म्हणाला.

"पोलिसांना बोलाव. मासे कोणाचे ते त्यांना मी सांगते, आणि पहिली चोरी कधी झाली तेही."

त्याने बोलावलं नाही. बादलीवर झाकण बसवून ती वळली आणि म्हणाली, "आता ते पाच लाल आधी बाहेर काढ, नाहीतर गुरामींवर उतरतील. आणि सगळ्यांना पोटभर खायला घाल. ही यादी खरी आहे."

"पाच? या झाडीतून? पाऊण तासात?"

"झाडं उपटावी लागतील," व्लास्ता म्हणाली.

ती दारापर्यंत पोचेस्तोवर अध्यक्षसाहेब सुटाचा कोट काढून, बो खांद्यावर टाकून, कोपरापर्यंत पाण्यात होते आणि पहिलं रोपटं मुळासकट गालिच्यावर आलं होतं. लाल मासा एकदा दिसला आणि पुन्हा नाहीसा झाला. पितळी पाटी तिथेच होती, तिच्या वर नुसतं पाणी. व्लास्ताने ते सगळं एकदा नीट पाहून घेतलं. अठ्ठावीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते हेच, आणि ते गोड लागलं. खोटं कशाला बोला. फक्त बादली फार जड होती.

बाहेर उणे सहा होतं. ट्रामच्या थांब्यावर तिने निळा कोट काढून बादलीभोवती गुंडाळला, बाह्यांची गाठ मारली आणि स्वतः स्वेटरवर उभी राहिली. ट्राममध्ये एका बाईने विचारलं, "आजी, सूप आहे का? एवढं जपताय ते?"

"माझ्या नवऱ्याचं आहे," व्लास्ता म्हणाली. बाईने उठून तिला जागा दिली.

तिसऱ्या मजल्यावर पोचून तिने न्हाणीघराचं दार कोपराने ढकललं, दिवा लावला, आणि टबमधून अदामुसच्या कार्पने तोंड उघडून तिच्याकडे पाहिलं. त्याची तिला आठवणच राहिली नव्हती.

"आत आधी कोण राहतं?" व्लास्ता मोठ्याने म्हणाली, आणि मग तिथेच, बादली मांडीशी धरून, टबच्या कडेवर बसून रडली. फार वेळ नाही, कारण बादलीतलं पाणी थंड होत होतं.

अदामुसने दार उघडलं तर समोर व्लास्ता, ओठांचा रंग पुसटलेला, आणि तिच्या हातात कपड्यांच्या बादलीत त्याचा कार्प.

"अहो, आज शनिवार आहे. मंगळवारपर्यंत मी याचं काय करू?"

"आजच मारा, नाहीतर नदीत सोडा. माझ्याकडे पाहुणे आलेत."

"तुमच्याकडे?" अदामुस म्हणाला. "पाहुणे?"

"चार जण. राहणार आहेत."

टब घासायला पाऊण तास गेला. साबण न लावता, मिठाने. पाणी तिने हाताला कोमट लागेल इतपतच सोडलं, बादली त्यात तरंगत ठेवली, पेल्यापेल्याने नवं पाणी आत मिसळलं, घाई केली नाही. ओताचा टाकीचं पाणी तापवायचा तापक कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर, रेझरच्या शेजारी होता. अठ्ठावीस वर्षांनी तो लागेल की नाही याची तिला खात्री नव्हती. तो लागला. फरशी ओली झाली होती, मोजे भिजले होते, तेव्हा ती बाहेर जाऊन मांडणीतल्या करड्या चौकडीच्या सपाता घालून आली. तिला त्या मोठ्या होत होत्या.

मासे टबमध्ये सोडले आणि तिच्या लक्षात आलं की दिसत काहीच नाही. वरून पाहिला की स्कालार म्हणजे एक बारीक रेघ. पांढऱ्या टबमध्ये चार रेघा, काठाशी, एकमेकींना समांतर. धूर नाही, तांबं नाही, जखमही नाही. पर दीड महिन्यात पुन्हा येतात, हे तिने हजार गिऱ्हाइकांना सांगितलं होतं. जगले तर. आणि चारांत एखादी तरी मादी असली तर.

तिने भिंतीवरचा ओताचा दाढीचा आरसा खिळ्यावरून काढला आणि टबमध्ये तिरका बुडवून धरला. आधी त्यात तिचाच सुरकुतलेला हात दिसला. मग छत, दिवा. मग एक रेघ हळूच वळली आणि आरशासमोर येऊन थोरला मासा उभा राहिला. डोळ्यावर भीतीची काळी रेघ अजून होती, पण गालावरचा ठिपका लखलखत होता. त्याने समोर दुसरा मासा पाहिला. क्षणभर तो नुसता तरंगला, आणि मग शेपटीच्या काड्या, फाटलेले पर, तुटक्या दोऱ्या, जे काही उरलं होतं ते सगळं त्याने ताठ उभारलं आणि आरशावर चालून आला.

व्लास्ताचा हात भरून आला, तरी तिने आरसा हलवला नाही.